डाव्या हाताची मुलं

चारुलता विज्ञानाची गोडी मोजत होती. गोडी ही काही तागडीत टाकून मोजायची वस्तू नव्हे, हे तुम्हांआम्हांला कळतं. पण तारनाक्याच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राची पीएच.डी. करायची म्हटलं की काहीतरी मोजावंच लागतं. आठवीच्या मुलांना विज्ञानात रस किती, आणि त्या रसाचा त्यांच्या शिकण्याशी संबंध काय, असा तिचा विषय होता. विषय चांगला होता. बाईही चांगली होती, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कोणी तिला दुष्ट म्हणेल. दुष्ट ती मुळीच नव्हती. हुशार होती, आणि जे झालं ते त्या हुशारीपायीच झालं.

नव्वदीतले ते दिवसच तसे होते. सरकारने दारं-खिडक्या उघडल्या होत्या म्हणे, आणि त्यातून जे वारं आलं ते थेट हैदराबादच्या गल्लीबोळांत शिरलं होतं. चिक्कडपल्लीत चारुलतेच्या घरासमोर पिठाची गिरणी होती, तिच्या माथ्यावर आता एमसेटच्या, म्हणजे इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या, कोचिंगची पाटी लागली होती. खाली गहू दळले जात, वर पोरं. ज्याला त्याला आपलं लेकरू इंजिनियर करून अमेरिकेच्या विमानात बसवायचं होतं. चारुलतेचे सासरे भगवंतराव मूळचे उदगीरकडचे, सरकारी कचेरीत हयात घालवून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी चहा घेताना विचारत, "काय सूनबाई, किती किलो भरली आज गोडी?" ती हसून सोडून देई.

मोजायची रीत तिच्या गाईडने, पद्मावती मॅडमनी, घालून दिली होती. मॅडम तेलुगू, पण निम्मं आयुष्य हैदराबादेत काढलेल्या माणसासारखं सगळ्यांशी सगळ्या भाषांत बोलत. "देखो चारू," त्या म्हणाल्या, "बच्चोंको कागज पे पूछे तो सब हाँ लिखते. पूछो नक्को. पीछे बैठो, टीचर सवाल पूछा तो कितने हात उठते, वो गिनो." झालं. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, शिक्षकाने प्रश्न टाकला की वर गेलेले हात मोजायचे आणि तक्त्यावर खुणा करायच्या. हात वर म्हणजे रस आहे, हात खाली म्हणजे नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

पहिले काही महिने तिला शीतच सापडेना. नावाजलेल्या इंग्रजी शाळांत ती बसली. तिथे बाई फळ्याशी बोलत आणि मुलं एकमेकांशी. एका शाळेत तर तासभरात जे दोन हात वर गेले, ते पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागायला. चारुलता निराश झाली. मग तिला आपली शाळा आठवली, जिथे ती स्वतः पहिलीपासून शिकली ती, कोठी भागातल्या पुस्तकवाल्यांच्या मागची मराठी शाळा. आणि आठवले हणमंतराव सर. सर अजून तिथेच होते. तेच विज्ञान, तोच शर्टाच्या खिशात खडू आणि त्यामुळे कायम पांढरा झालेला खिसा.

सरांनी तिला पाहिलं आणि त्यांना इतका आनंद झाला की वर्गात नेऊन त्यांनी मुलांना सांगितलं, "ही चारुलता. ह्याच बाकावर बसायची. आता डॉक्टर होणार आहे, सुई टोचणारी नव्हे, पुस्तकातली." मुलं हसली. सर फळ्याकडे वळले, काहीतरी विचारलं, आणि अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

चारुलतेने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. काही हात उजवे होते, काही डावे.

ती मनातल्या मनात हसली. ही युक्ती तिला ठाऊक होती. तपासणीला साहेब आले की कोणाचाही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. सर फक्त उजव्यांना उठवत. साहेब खूश, शेरा झकास, शाळेचं अनुदान शाबूत. चारुलता या शाळेत असेपर्यंत कायम उजव्या हाताची होती. तिने एकदाही डावा वर केला नव्हता, आणि त्याचा तिला अजूनही थोडा अभिमान होता. सवय म्हणून सर ती युक्ती रोजच वापरू लागले असतील, असं तिला वाटलं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

त्या दिवशी तिने सगळे हात मोजले. उजवे, डावे, सगळे. तक्ता असा भरला की कागद काळा दिसू लागला. पद्मावती मॅडमना तो दाखवला तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. धड प्रयोगशाळा नाही, मराठी माध्यम, आणि रस शंभर टक्के! त्यांनी डिपार्टमेंटभर सांगितलं. लोक चारुलतेला कँटीनमध्ये थांबवून विचारू लागले. तीही सांगू लागली, मान किंचित तिरपी करून. घरी भगवंतरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. खोटं तिने लिहिलं नव्हतं, खरं. हात तर वर होतेच. पण रात्रीच्या भाकरी थापताना तिचा चेहरा उगाच गरम व्हायचा, आणि तो काही चुलीने नव्हे. घरात गॅस होता.

शेवटी तिने मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडम रागावतील, तक्ते फाडायला लावतील, अशी तिची खात्री होती. मॅडम उलट टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "अरे, ये तो और अच्छा! दो ग्रुप तैयारच हैं. सीधा हात, इंटरेस्ट है. उलटा हात, नहीं है. अलग अलग गिनो." चारुलतेला गंगेत न्हाल्यासारखं झालं. आपण प्रामाणिकपणे चूक कबूल केली, आणि वर संशोधनही सुधारलं, दुधात साखर. त्या दिवसापासून तिने प्रत्येक मुलाच्या नावापुढे खुणा करायला सुरुवात केली. ताठ मानेने करत होती. लाज गेली की माणसाला जरा जास्तच ताठ व्हावंसं वाटतं.

भामा नावाची मुलगी खिडकीजवळ बसायची. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समधून बस बदलत यायची, वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून. आजीचं नाव ठेवलेलं, त्यामुळे वर्गात ते जुनाट वाटायचं. तिचा हात दर प्रश्नाला वर असायचा आणि दर वेळी डावा. चारुलतेच्या तक्त्यावर भामाची ओळ सगळ्यांत स्वच्छ होती: डावा, डावा, डावा.

एकदा मधल्या सुट्टीत ती चारुलतेपाशी आली. आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, एक पुछू का?"

"विचार की."

"पंखा इतका जोरात फिरतो ना मॅडम. हवा मारतो. मग त्याच्यावर धूळ कशी काय बसते? उडून जायला पायजे की ना? आमच्या घरी तर बंद करून बघितलं, पात्याच्या पुढच्या कडेला जास्त हाय. मागं कमी."

चारुलतेने वर पाहिलं. वर्गातला पंखा फिरत होता. एम.एस्सी. फिजिक्स, पहिला वर्ग, आणि तिला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला काही पैसे पडत नव्हते. पण तिने घड्याळात पाहिलं, तक्ते गोळा केले आणि म्हणाली, "नंतर सांगते हं. आता माझी मोजणी राहिलीय." भामाने मान डोलावली आणि निघून गेली. तक्त्यावर असल्या प्रश्नांसाठी रकाना नव्हता, त्यामुळे तो प्रश्न कुठेच लिहिला गेला नाही. घंटा झाली की चारुलता तारनाक्याची बस गाठायला धावायची. वर्ग सुटल्यावर शाळेत काय चालतं ते तिने कधी पाहिलं नाही, विद्यार्थिनी असतानाही नाही. तेव्हाही ती घंटेबरोबर घरी पळायची.

वार्षिक परीक्षा झाल्या आणि संस्थेचे चिटणीस नामदेवराव यांनी बैठक बोलावली. सुलतान बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान होतं, बोलणं गोड आणि निर्णय झटपट. नववीपासून शाळेत इंग्रजी माध्यमाची विज्ञान तुकडी निघणार होती, एमसेटच्या तयारीसकट. जागा थोड्या होत्या. वरच्या मार्कांची मुलं आपोआप गेली, खालची आपोआप राहिली. घोडं अडलं ते मधल्यांपाशी. सगळ्यांचे मार्क सारखेच. बैठकीला हणमंतराव सर होते, आणि नामदेवरावांनी चारुलतेलाही बोलावलं होतं, विद्यापीठाची बाई म्हणून. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली.

"मार्क तर आमच्याकडे बी आहेत मॅडम," नामदेवराव म्हणाले. "पण शिकायची गोडी कोणाला हाय, ते तुम्हीच सांगू शकता. तुम्ही तर शास्त्रीय मोजलंय. मास्तरांच्या वर्गात म्हणे सगळेच हात वर करतात. मग आम्ही निवडायचं कसं?"

आता इथे चारुलतेने बिस्किट चहात बुडवून गप्प बसायला हवं होतं. पण खोलीतले सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि जे कोणालाच माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, हे सुख भल्याभल्यांना आवरत नाही. ती हसली. "सगळेच हात तसले नसतात हं," ती म्हणाली, आणि तिने डाव्या-उजव्याची सारी गंमत सांगितली. तपासणीच्या दिवसांचे किस्से सांगितले, साहेबांच्या नकला केल्या. फार छान सांगितलं. मंडळी पोट धरधरून हसली.

"वा मास्तर!" नामदेवराव डोळे पुसत म्हणाले. "इन्स्पेक्टरलाच नाही, आम्हांला बी गंडवलं की इतकी वर्षं!"

हणमंतराव सर हसले नाहीत. त्यांनी खिशाला लागलेला खडू झटकायला सुरुवात केली. तो कधी जायचा नाही, तरी झटकत राहिले. चारुलतेने ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. सरांना बाजूला घेऊन नंतर समजावू, असं मनाशी म्हणाली.

मग मधल्या मुलांची नावं निघाली. नामदेवराव नाव घ्यायचे आणि चारुलता सांगायची. "ह्याला रस आहे." "हिला आहे, चांगला आहे." भामाचं नाव आलं. "नाही," चारुलता म्हणाली. "तिचा कायम डावा. वर्षभरात एकदाही उजवा नाही." नामदेवराव म्हणाले, "बास, मग कशाला लेकराला उगाच परेशान करायचं," आणि पुढचं नाव घेतलं. सरांनी मान वर केली. तोंड उघडलं, पण तेवढ्यात कोणीतरी पुन्हा डाव्या हाताची नक्कल केली, सगळे पुन्हा हसले आणि सरांनी तोंड मिटलं.

परीक्षेनंतरही थोडे दिवस शाळा भरत होती. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी चारुलता शेवटच्या मोजणीला वर्गात गेली. बैठकीतलं बोलणं शाळेत पसरायला वेळ लागत नाही. शिपायाला कान असतात. सरांनी प्रश्न विचारला. हात वर गेले, आणि सगळे उजवे. डावा एकही नव्हता. सर गोंधळले. त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाला उठवलं. तो उभा राहिला, त्याला काही सुचेना, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागून कोणीतरी खिदळलं. सरांनी दुसऱ्या मुलीला उठवलं, तीही तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कोणालाच उठवलं नाही. पुस्तक उघडलं आणि उरलेला तास त्यांनी मुलांना लिहून घ्यायला लावलं. खिडकीजवळच्या एकट्या भामाचा हात वर गेलाच नव्हता. ती मान खाली घालून लिहीत होती.

चारुलता त्या दिवशी बसला धावली नाही. घंटा झाल्यावर तशीच बाकावर बसून राहिली. मुलं निघून गेली, तशी सर व्हरांड्यात नळाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले. काही मुलं तिथे घुटमळली आणि सरांनी हातानेच "जा" म्हटल्यावर गेली. चारुलता त्यांच्याजवळ उभी राहिली.

"सर, तुम्ही रागावलात."

"नाही गं." सर नळाकडे बघत होते. "चारू, तू कधी डावा हात वर केलास का?"

"नाही सर. मला सगळं येत होतं ना." बोलून गेल्यावर तिला आपलं वाक्य कसंसंच वाटलं.

"म्हणून तुला कळलं नाही. तपासणीच्या दिवशी तू म्हणतेस तसंच होतं, खरं आहे. ती लबाडी माझीच, साहेबांचे शेरे मलाही गोड लागत. पण बाकीचे दिवस डावा हात म्हणजे मला आत्ता सगळ्यांसमोर विचारू नका, एवढंच. मग घंटा झाली की डाव्या हाताची मुलं इथे येत. ह्या कट्ट्यावर. इथे मी त्यांना तोच प्रश्न विचारायचो. काहींना येत नसायचं, त्यांना समजावायचं. काहींना तुझ्यापेक्षा जास्त येत असायचं."

"आणि भामा?" तिने विचारलं. उत्तर तिला नको होतं.

"भामा!" सरांचा चेहरा क्षणभर उजळला आणि तिला ते पाहवलं नाही. "पाचवीत असताना तिने एकदा उत्तर देताना पाण्याला नीळ्ळू म्हटलं. क्वार्टर्समध्ये सगळे तेलुगू बोलतात, आलं तोंडात. पोरांनी वर्षभर तिला नीळ्ळू म्हणून चिडवलं. तेव्हापासून ती वर्गात बोलत नाही. लिहितेही हळू, मराठी वाचायची सवय नाही घरी, म्हणून मार्क मधलेच. पण इथे? तेलुगू, उर्दू, मराठी, जे येईल त्यात बोलायची. दप्तरातून लोहचुंबक, रेडिओचे सुटे भाग काय काय घेऊन यायची. ती पंख्याची धूळ घेऊन बसली तेव्हा मी म्हटलं, बाई, मला नाही येत. तर तिने माझ्याकडून स्टूल मागून घेतलं, पातं पुसलं, त्यावर खडूची भुकटी पसरली आणि पंखा लावून बघितला. शिपाई माझ्या नावाने ओरडत होता."

चारुलता कट्ट्यावर बसली. "तुम्ही बैठकीत का नाही बोललात, सर?"

"हसले ना सगळे," सर म्हणाले. "माझी बोलतीच बंद झाली. पोरांना काय होत असेल ते मला ह्या वयात कळलं." मग म्हणाले, "तुला एकटीला बोल लावत नाही मी. मीही गप्पच बसलो."

त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं. चारुलतेला असं झालं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर सुटेन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हात दुसऱ्यांचे होते आणि अवलक्षण तिने केलं होतं. आपल्याला ठाऊक आहे या ऐटीत तिने जन्मभर सरांची युक्ती अर्धीच ओळखली होती, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर एका मुलीचं नाव भर बैठकीत काटून टाकलं होतं. त्याहून वाईट ठसठसत होतं ते पंख्याचं. मुलीला रस आहे याचा पुरावा स्वतः चालत येऊन तिच्यापुढे उभा राहिला होता, आणि तिने त्याला "नंतर" म्हणून परत पाठवलं होतं, केवळ आपल्याला येत नाही हे कळू नये म्हणून.

ती तशीच सुलतान बाजारात गेली. नामदेवराव गिऱ्हाइकापुढे साडी उलगडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, नावं फळ्यावर लागली. पालकांना कळवून झालं. आता एक नाव घालायचं तर एक काढावं लागेल. कोणाचं काढू, सांगा?" साडीची घडी घालत ते पुढे म्हणाले, "आणि दर आठवड्याला बदलायला हे शास्त्र आहे की साडीचा भाव?" दुकानातली गिऱ्हाइकं तिच्याकडे पाहू लागली आणि ती पायऱ्या उतरली. पद्मावती मॅडमनी तर ऐकून कपाळाला हातच लावला. "चारू, थीसिस में ये सब नक्को डालो. तू मोजलंस ते मोजलंस." त्यांचंही खोटं नव्हतं. तक्त्यावर भामाची ओळ अजून तशीच स्वच्छ होती.

राहता राहिली भामा. निदान तिला तरी सांगायला हवं होतं. चारुलतेने आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून पंख्याचं उत्तर शोधलं. सापडल्यावर तिला किंचित हुरूप आला, आणि तोच हुरूप घेऊन ती तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेली.

दार भामाच्या आईने उघडलं. रंजना तिचं नाव, बिदरकडची बाई. चारुलता कोण हे कळताच तिने पदराने खुर्ची पुसली. "या मॅडम, या. भामा, कोण आलंय बघ! मॅडम, तुम्ही आमच्यावर किती उपकार केले म्हणून सांगू."

चारुलतेला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो.

"खरंच सांगते," रंजना म्हणाली. "हिच्या बाबांची लय परेशानी चालली होती. पोरीला सायन्सला घालायचं म्हणून रोज भांडण. मी म्हणायची, एकुलती पोर हाय, जमेल का, नाही जमेल. तुम्ही टायमावर सांगितलं की हिला गोडीच नाही. युनिवर्सिटीच्या मॅडमनी वर्षभर तपासून सांगितलं म्हणल्यावर बाबा बी गप्प झाले. आता दहावी झाली की टायपिंग लावायचं आणि पुढं बघू. भामा, मॅडमच्या पाया पड."

भामा आतून आली आणि खरोखरच वाकली. चारुलतेने तिला अर्ध्यातून उचललं. तिचे खांदे बारीक होते.

"नको," चारुलता म्हणाली. "रंजनाताई, मी ते सांगायलाच आले. माझी चूक झाली. मला कळलंच नव्हतं. भामाला गोडी आहे, फार आहे. तुम्ही सरांना विचारा."

रंजनाच्या चेहऱ्यावर भीती आली. "अय्यो, मॅडम, आता पुन्हा नक्को. मोठ्या मुश्किलीने घर शांत झालंय. हिच्या डोक्यात परत ते भरू नका, पाया पडते." आणि ती चहा टाकायला आत गेली, म्हणजे पळालीच.

चारुलता आणि भामा दोघीच उरल्या. डोक्यावर पंखा फिरत होता. चारुलता घाईघाईने बोलू लागली, जणू परीक्षेत वेळ संपत आली आहे. "भामा, तू मला पंख्याचं विचारलं होतंस ना? मला तेव्हा येत नव्हतं गं. मी तुला खोटंच नंतर म्हटलं. आता वाचून आले. पात्याला अगदी चिकटून हवेचा पातळ थर असतो, तो पात्याबरोबरच फिरतो. पात्याच्या मानाने तो हलतच नाही. म्हणून तिथे बसलेली धूळ उडत नाही. आणि पुढची कड हवेवर आधी आपटते म्हणून तिथे जास्त. तू बरोबर पाहिलं होतंस. तू सगळंच बरोबर पाहिलं होतंस."

भामाने वर पंख्याकडे पाहिलंही नाही. पाहुण्यांचं ऐकावं तसं तिने ऐकून घेतलं. "हौ का मॅडम," ती म्हणाली. "चांगलं हाय."

"तुझ्याकडे काय काय सामान असतं म्हणे, सर सांगत होते. लोहचुंबक, रेडिओचे सुटे भाग..."

"ते भंगारवाल्याला दिलं. मीच दिलं मॅडम. घरात जागा नाही ना."

रडायचा हक्क आपल्याला नाही हे चारुलतेला कळत होतं, म्हणून तिने दात घट्ट मिटले. मग ती खुर्चीतून उतरून भामाच्या समोर खाली बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. "भामा, ऐक माझं. मी मोठी आहे, शिकलेली आहे, पण मी चुकले. तुला विज्ञान आवडतं. तुला माहीत आहे की तुला आवडतं. हो ना?"

भामाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. ह्या मॅडमना कसं समजवावं, एवढीच तिला काळजी दिसत होती. मग अगदी हलक्या, धीर देणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही वाईट नक्को वाटून घेऊ मॅडम. मला बी आवडतं म्हणूनच वाटायचं. पण मला काय, नुसतं वाटायचं. तुम्ही तर मोजून बघितलं ना."